हरणीचं देणं

ॲजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. तिच्या रिंगणात शिरलं की आधी कुत्र्याची लीश काढायची. ती बाजूला टाकायची; एक स्वयंसेवक ती उचलून शेवटच्या अडथळ्यापाशी नेऊन ठेवतो. खिशात खाऊचा तुकडा चालत नाही, हातात चेंडू चालत नाही. धाव सुरू झाली की कुत्र्याच्या अंगाला हातही लावायचा नाही. समोर पंधरा-वीस अडथळे मांडलेले असतात : उडीच्या दांड्या, बोगदे, टायर, उंच अरुंद पूल, सी-सॉ, दोन उतरत्या फळ्यांची ए-फ्रेम आणि एका ओळीत रोवलेले खांब, ज्यांच्यामधून नागमोडी निघायचं. परीक्षकानं हा मार्ग त्या दिवसापुरता आखलेला असतो. माणसं आधी काही मिनिटं रिकाम्या रिंगणात चालून तो पाठ करतात. कुत्री तेव्हा बाहेर आपापल्या पिंजऱ्यात असतात. क्रम माणसाला ठाऊक असतो, कुत्र्याला नसतो. धावेच्या त्या मिनिटभरात कुत्र्याला माणसापाशी धरून ठेवणारं डोळ्यांना दिसेल असं काहीच नसतं. तो निघून गेला तर कुणी अडवणार नाही. तरी तो जात नाही. खांद्याचा कल, पावलाची दिशा आणि तोंडातून निघालेला एखादा शब्द यांच्या भरवशावर तो जीव तोडून धावतो.

दक्षिण ओंटारियोतल्या अशा रिंगणांत हरणी माझ्याबरोबर धावली. तिनं मला काय दिलं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. मी व्यवसायानं हिशेबनीस. कुणाचं किती येणं आणि कुणाचं किती देणं हे पाहण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. हे देणं कुठल्या वहीत बसणारं नाही, म्हणून इथे नोंदवते आहे.

हरणी मूळची साताऱ्याची. एका पावसाळ्यात आईच्या दारात ओलीचिंब येऊन बसली आणि तिथलीच झाली. अंगाचा रंग तांबूस, कान उभे, पाय बारीक. आईनं नाव ठेवलं हरणी. वडील गेल्यापासून आई घरात एकटी होती. आम्ही भावंडं पांगलेली, भाऊ बंगळूरला आणि मी कॅनडात, मिसिसागाला. रविवारी फोन केला की आई स्वतःबद्दल कमी आणि हरणीबद्दल जास्त बोलायची. आज दूधवाल्यावर भुंकली, काल मंडईपर्यंत मागे आली, रात्री उंबऱ्याशी झोपते आणि जरा चाहूल लागली की मला उठवते. आईचा पिंड कीर्तनावर पोसलेला. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तिच्या बोलण्यात कायम असत, आणि हरणीच्या भाकरीवर रोज तुपाचं बोट फिरे. संध्याकाळी गुडघ्यांना गंधपुऱ्याचं तेल चोळत आई ओट्यावर बसायची, हरणी तिच्या पायाशी.

आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दिवस होईतो मी साताऱ्यात राहिले. घरात माणसांची ये-जा, स्वयंपाक, भटजी, कागदपत्रं. आणि या सगळ्या गडबडीत हरणी आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी पडून. भाकरी पुढे केली तर हुंगायची आणि तोंड फिरवायची. मी परत निघायच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाली, "अगं, घर तुझा भाऊ बघेल, भांडीकुंडी आम्ही मार्गी लावू. हिचं कोण बघणार? तुझ्या आईची शेवटची वर्षं हिनं काढून दिली. तुझ्या आईचं देणं आहे हे, आणि तिच्यामागे ते तुझ्याकडेच येणार." वारशात मालमत्तेबरोबर देणीही येतात हे मी अशिलांना किती वेळा समजावलं होतं. मावशीनं ते मला माझ्या घरात समजावलं.

रेबीजच्या लसीचा दाखला, जनावरांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र, विमानात चालेल असा पिंजरा अशी जुळवाजुळव करून हरणी टोरांटोला आली. घरचं पाळलेलं कुत्रं म्हणून तिला येता आलं. त्या काळात भारतातल्या रस्त्यांवरची कुत्रीही संस्थांमार्फत दत्तक म्हणून इकडे येत. पुढे २८ सप्टेंबर २०२२ पासून रेबीजचा धोका मोठा असलेल्या शंभराहून जास्त देशांतून दत्तक देण्यासाठी किंवा विकण्यासाठी कुत्री आणायला कॅनडानं बंदी केली. त्या देशांत भारत आहे. त्याआधी आलेली ती तांबूस, उभ्या कानांची कुत्री ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या पायवाटांवर अजून दिसतात, आणि दिसली की गावाकडचं माणूस भेटल्यासारखं होतं.

पहिला हिवाळा कठीण गेला. बर्फ तिनं कधी पाहिला नव्हता. रस्त्यावर टाकलेल्या मिठानं तिच्या पंजांना भेगा पडत. त्यासाठी बूट घातले तर ती जागची हलत नसे. फर्नेस सुरू झाल्याचा आवाज आला की सोफ्यामागे जाऊन बसे. मोकळ्यावर वाढलेल्या कुत्र्याला निसटायला वाट लागते, आणि थंडीमुळे आमच्या घराची दारं-खिडक्या महिनोन्महिने बंद. ती घरात कुणाकडे बघत नसे. त्या दिवसांत मीही कुणाकडे बघत नव्हते. मुलगा व्हँकुव्हरला शिकायला गेलेला, नवरा आपल्या कामात. मी कामावर जात होते आणि परत येत होते, एवढंच चाललं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी सुचवलं, हिला काहीतरी काम द्या. ऑरेंजव्हिलच्या बाजूला हायवे टेनपासून थोडं आत, शेतांच्या मधोमध एका जुन्या बार्नमध्ये ॲजिलिटीचा प्राथमिक वर्ग चालत असे. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. इथल्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना नावानं हाक मारत. मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणे. तरुणपणी उत्तर क्वेबेकमध्ये, नुनाविकच्या एका इनुइट गावातल्या शाळेत त्यांनी शिकवलं होतं. बोलणं मोजकं, पाहणं मात्र फार बारीक.

पहिल्या दिवशी बाईंनी हरणीला हात लावला नाही, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या जमिनीवर बसल्या, उकडलेल्या कोंबडीचे तुकडे मुठीत घेतले आणि मूठ गुडघ्यावर ठेवली. हरणी वास घेत घेत जवळ आली. मुठीला नाक लावलं, चाटलं, पंजा मारला. मूठ बंद. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. शेवटी हरणी एक पाऊल मागे सरली आणि त्याच क्षणी मूठ उघडली. ती झेपावली, मूठ मिटली. ती थांबली, मूठ उघडली. थोड्या वेळानं तळहात सताड उघडा होता, त्यावर कोंबडी होती आणि समोर हरणी स्वतःच्या मर्जीनं बसून राहिली होती. मग तिनं मान वर केली आणि बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. साताऱ्याहून आल्यापासून ती कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. बाईंनी एक तुकडा तिला दिला आणि मला म्हणाल्या, "हिला आपण काही करायला लावायचं नाही. हिनं करावंसं वाटलं पाहिजे, एवढं आपलं काम."

हा मुठीचा खेळ जगभर पोचवला तो ओंटारियोच्याच सुझन गॅरेट यांनी. ॲजिलिटीत त्यांचं नाव मोठं आहे. त्यामागचा विचार आणखी जुना. कॅरन प्रायर साठच्या दशकात हवाई बेटांवर डॉल्फिनना शिकवत. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्याला हिसका देता येत नाही. नाराज झाला तर तो पोहत लांब जातो. म्हणून त्यानं हवी ती कृती केली की त्याच क्षणी शिट्टी आणि मागोमाग मासा, एवढ्याच साधनांवर सगळं शिकवावं लागे. १९८४ साली त्यांचं 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक आलं. पुढे कुत्र्यांच्या शिक्षणात शिट्टीच्या जागी हातातला छोटा क्लिकर आला आणि हुकूम-हिसक्याची जुनी रीत मागे पडू लागली. हरणीला या रीतीनं शिकवता आलं हे तिचं भाग्य आणि माझंही, कारण दुसऱ्या कुठल्याही रीतीनं ती माझी झाली नसती.

ॲजिलिटीचा खेळ तसा तरुण आहे. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या मोठ्या प्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला मोकळा वेळ भरून काढायला घोड्यांच्या उडीशर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांची शर्यत दाखवली, तिथून तो सुरू झाला. कॅनडात १९८८ साली आर्ट न्यूमन यांनी ॲजिलिटी असोसिएशन ऑफ कॅनडा स्थापन केली. तिच्या रिंगणात कुत्र्याची जात विचारत नाहीत. खांद्याची उंची मोजतात, तिच्यावरून दांडीची उंची ठरते, आणि संपलं. बॉर्डर कॉलीशेजारी गल्लीतलं कुत्रं धावतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात अमेरिका आणि कॅनडातल्या केनेल क्लबांच्या परीक्षकांना विचारून जातींची क्रमवारी लावली होती. पहिला नंबर बॉर्डर कॉलीचा. त्या क्रमवारीत हरणीसारखीला जागा असायचं कारणच नव्हतं; तिला जात नाही, वंशावळीचा कागद नाही. बॉर्डर कॉलीच्या मागे माणसाच्या इशाऱ्यावर मेंढरं हाकणाऱ्या कितीतरी पिढ्या उभ्या असतात. हरणीच्या मागे होत्या स्वतःच्या अकलेवर जगलेल्या पिढ्या. कुठल्याही गोष्टीला ती आधी विचारायची, मी हे का करू? आणि दर वेळी मला त्याचं खरं उत्तर द्यावं लागायचं.

सी-सॉच्या वेळी हे सगळ्यांत जास्त जाणवलं. फळीवर चढायचं, मधोमध आलं की फळी समोर कलते, खाली आदळते, आणि पिवळ्या रंगाच्या टोकावर पाय ठेवूनच उतरायचं. फळी आदळल्याचा आवाज झाला की हरणी बार्नच्या दाराशी. बाईंनी फळी विटांवर जवळजवळ सपाट ठेवली, टोकाखाली जुनी ब्लँकेटं घातली आणि मला दूर बसवलं. हरणीनं फळीकडे नुसतं पाहिलं तरी क्लिक आणि खाऊ. एक पंजा टेकवला, क्लिक आणि खाऊ. फळी बोटभर हलली तेव्हा ती दचकली, उतरली, माझ्याकडे पाहिलं आणि परत जाऊन तोच पंजा तिथेच ठेवला. तो सबंध हिवाळा आम्ही त्या फळीपाशी काढला. एकेक वीट निघत गेली, ब्लँकेटं निघाली. वसंतात एके दिवशी ती पूर्ण उंचीच्या फळीवर चढली, मध्यावर थांबून तोल सांभाळला, फळीला स्वतःच्या वजनानं खाली नेलं, धाडकन आवाज झाला आणि ती टोकावर उभी राहून शेपूट हलवत माझ्याकडे बघू लागली. ज्या आवाजानं ती पळत होती तो आवाज आता ती स्वतः करत होती. आईनंतर इतक्या महिन्यांनी मी त्या बार्नमध्ये मोठ्यानं हसले. बाईंनी पाठीवर हात ठेवला.

माझ्या आज्ञा मराठीत होत्या. हरणीला आईनं मराठीत वाढवलं होतं, ती सवय मोडायचं मला काही कारण नव्हतं. उडी, बोगदा, पूल, खांब, थांब, डावीकडे, उजवीकडे. पत्र्याच्या त्या थंड छपराखाली 'बोगदा!' अशी हाक घुमली की शेजारच्या रिंगणातली माणसं ओळखत, हरणी धावते आहे. पण धावणाऱ्या कुत्र्याला शब्दापेक्षा शरीर आधी कळतं. माझा डावा खांदा जरा वळला की ती वळली. मी पाऊल आखडलं की तिनं उडी आखडली. खांबांच्या रांगेत शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी असावा लागतो. माझी चाल अर्ध्या पावलानं सरळ असली तर हरणी नेमकी तिथे शिरे, नाहीतर दुसऱ्या फटीतून. तोंडानं काहीही सांगितलं तरी शरीर जे सांगतं तेच तिला खरं. माणसांत राहून मला मनातलं चेहऱ्यावर न दिसू देण्याची सवय लागली होती. हरणीपुढे ती सवय चालणारी नव्हती.

२०१९ साली नवऱ्याची बायपास झाली. त्या दिवसांत बार्नमधल्या ॲजिलिटी क्लबातल्या माणसांनी जे केलं ते मी विसरणार नाही. एकीनं हरणीला आपल्या घरी नेलं. एकानं आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता काढला. ही तीच माणसं, जी स्पर्धेच्या दिवशी पहाटे उठून रिंगण मांडतात, दिवसभर पडलेल्या दांड्या उचलून ठेवतात, वेळ लावतात, गुण लिहितात, लीश नेऊन ठेवतात आणि त्यातून वेळ काढून आपल्या कुत्र्याबरोबर धावतात. कुणी ट्रकचालक, कुणी नर्स, कुणी निवृत्त पोलीस. मराठी मंडळात मला माझी भाषा आणि माझे सण मिळाले. हा देश मला या बार्नमधल्या माणसांनी मिळवून दिला. त्यांच्याशी ओळख झाली ती हरणीच्या लीशचं दुसरं टोक माझ्या हातात होतं म्हणून.

नवरा घरी आल्यावर त्यानंच मला एका स्पर्धेला पाठवलं. सुरुवातीच्या रेषेवर हरणी बसली नाही. नाक जमिनीला लावून हुंगत राहिली, जांभया दिल्या, अंग झटकलं. कुत्र्यावर ताण आला की तो असं करतो. बाहेर आल्यावर बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तुझे हात बर्फासारखे आहेत. ती हे वाहते आहे." पुढे काही आठवड्यांनी बातमी वाचली. स्वीडनच्या लिंशॉपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या केसांतलं कॉर्टिसोल मोजलं होतं. हे ताणाचं संप्रेरक. केस वाढतो तसं ते त्यात साठत जातं, म्हणून केसाच्या तुकड्यावरून मागच्या कित्येक महिन्यांचा ताण कळतो. मालकाचा ताण जसा चढलेला तसा कुत्र्याचाही चढलेला, असं त्यांना आढळलं. मालकाच्या स्वभावाचा परिणाम कुत्र्यावर दिसत होता, म्हणजे बहुधा कुत्राच माणसाचा ताण उचलतो असा त्यांचा निष्कर्ष. आणि घरी नुसत्या पाळलेल्या कुत्र्यांपेक्षा स्पर्धेत धावणाऱ्या कुत्र्यांत हे नातं अधिक घट्ट होतं.

ते वाचून मी बराच वेळ हरणीच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. ज्या कुत्र्याबरोबर माणूस एका श्वासात धावायला शिकतो, तोच कुत्रा त्याचं दुःखही सगळ्यांत जास्त उचलतो. आईची शेवटची वर्षं हरणीनं कशी काढून दिली हे मला त्या दिवशी कळलं. एकट्या बाईच्या रात्री तिनं स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या. आता ती माझ्या रात्री घेत होती.

मग मी शांत व्हायला शिकले. हे मी स्वतःसाठी कधी केलं नसतं. धावण्याआधी तिच्यासमोर बसायचं, तिच्या नजरेला नजर द्यायची, श्वास लांब करायचा आणि तिचा श्वास माझ्याबरोबर लांबला की मगच उठायचं, असा नेम केला. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं आहे की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, तेच जे आई आणि तान्ह्या मुलात वाढतं. माणसानं वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसं होत नाही. मला प्रयोगशाळेची गरज नव्हती, तिच्या कानांची ठेवण मला सांगायची. हा नेम रिंगणातून घरी आला. नवऱ्याच्या तपासणीच्या दिवशी, मुलाच्या अडचणीच्या फोनच्या वेळी, कामावर कुणी आवाज चढवला तेव्हा मी आधी श्वास लांब करू लागले. घरात एक जीव आहे आणि माझी घबराट त्याच्या अंगात उतरते, हे ठाऊक असलेलं माणूस वेगळं वागतं. माझ्या घरात गेली काही वर्षं जी स्वस्थता आहे ती हरणीची देणगी आहे, असं माझा नवरा सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे.

हरणी उतारवयाला लागली तशी तिच्यासाठी वयस्कर कुत्र्यांच्या गटात कमी उंचीच्या दांड्या आल्या. नंतर एका हिवाळ्यात ए-फ्रेमवरून उतरताना ती किंचित थबकू लागली. डॉक्टरांना मागच्या पायांत संधिवात दिसला. औषधं घेऊन आणखी काही स्पर्धा करता आल्या असत्या. कुत्रा दुखणं लपवतो, आणि हरणी तर माझ्यासाठी काहीही करायला तयार होती. नेमकं म्हणूनच थांबायचं ठरवणं माझ्याकडे होतं. कुत्र्याच्या शेवटच्या धावेची इथे रीत आहे. दांड्या जमिनीवर ठेवतात, बोगदे सरळ करतात आणि सगळे जण रिंगणाच्या कडेला उभे राहतात. हरणी बोगद्यातून निघाली, पूल टाळून माझ्या बाजूनं धावली, शेवटची दांडी ओलांडली आणि टाळ्यांच्या आवाजात थेट बाईंकडे गेली, पहिल्या दिवशी ज्या मुठीशी तिचं नातं जुळलं होतं तिच्याकडे.

काम थांबलं की अशी कुत्री सुकतात हे बाईंना माहीत होतं. त्यांनी आम्हांला वासाच्या खेळात घातलं. कॅनडात स्पोर्टिंग डिटेक्शन डॉग्ज असोसिएशनच्या स्पर्धा होतात. त्यांत ठरावीक तेलांचे वास कापसाच्या बोळ्यावर घेऊन खोलीत, खोक्यांत, गाडीच्या चाकापाशी लपवतात आणि कुत्र्यानं ते हुडकायचे. त्यांतला पहिला वास विंटरग्रीनचा. बाईंनी कुपी उघडली आणि मी जागीच थबकले. गंधपुरा. आईच्या गुडघ्यांचा, ओट्यावरच्या संध्याकाळचा वास. हरणीनं नाक वर केलं, नाकपुड्या थरथरल्या, आणि ती त्या कुपीकडे चालत गेली. तिला त्या क्षणी काय आठवलं असेल हे मी सांगू शकत नाही. मला जे आठवलं ते सगळं तिच्या समोरचं होतं, एवढं सांगू शकते.

या खेळात बाजू पालटतात. बोळा कुठे आहे ते मला ठाऊक नसतं, तिला कळतं. ॲजिलिटीत क्रम माझ्याकडे होता आणि भरवसा तिचा. इथे ज्ञान तिच्याकडे आणि भरवसा मी ठेवायचा. ती पाठीमागे वळली की मीही वळायचं, ती नको म्हणाली की ते कपाट सोडायचं, ती थांबून माझ्याकडे बघू लागली की परीक्षकाला सांगायचं, सापडलं. मनात शंका आली तरी तिचं ऐकायचं. बाई तेव्हा नुनाविकच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं सांगत. हिमवादळात वाट दिसेनाशी झाली की शिकारी आज्ञा देणं थांबवी आणि स्लेजच्या आघाडीचा कुत्रा घराकडे नेई. समुद्रावरचा बर्फ पातळ असला तर हाकूनही तो कुत्रा पुढे जात नसे, आणि त्याच्या नकारामुळे माणसं वाचत. बाई तिथे गेल्या तोवर ती कुत्री फारशी उरली नव्हती. पन्नास आणि साठच्या दशकांत पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी इनुइट लोकांची स्लेजची कुत्री मोठ्या संख्येनं मारली. शिकार, प्रवास आणि जगणं त्यांच्यावर अवलंबून असलेली कुटुंबं एका जागी बसली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅनडा सरकारनं नुनाविकच्या लोकांची त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि साडेचार कोटी डॉलर देऊ केले. मी बाईंना फोन केला. त्या बराच वेळ त्या गावातल्या एकेका घराबद्दल बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पैशांनी ती कुत्री परत येणार नाहीत. पण देणं होतं, हे कुणीतरी तोंडानं म्हणायला हवं होतं."

मी हे लिहायला बसले ते त्या फोननंतर.

रविवारी सकाळी मी आता त्याच बार्नमध्ये प्राथमिक वर्गाला मदत करते. नवी माणसं येतात, त्यांच्या डोळ्यांत फिती आणि किताब असतात, आणि ते वाईट नाही. हौसेशिवाय कुणी हिवाळ्यात पहाटे इतक्या लांब येणार नाही. मी त्यांना आधी मूठ मिटून बसायला शिकवते. मग सांगते की फीत कुत्र्याला कळत नाही, त्यानं जे केलं ते तुमच्यासाठी केलं. जो जीव आपल्यासाठी धावतो त्याचं शरीर, त्याचं म्हातारपण आणि त्याचा नकार ही तिन्ही आपली जबाबदारी. ते जिंकण्याच्या आधी येतं. हे मला हरणीनं शिकवलं, आणि हे सांगण्याइतकी स्वस्थताही तिनंच दिली. मावशी म्हणाली होती ते आईचं देणं मी फेडायला घेतलं, पण ते वर्षागणिक वाढतच गेलं. हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेली मी मनापासून सांगते, हे देणं कमी व्हावं असं मला कधी वाटलं नाही.